काकांची पागोडा शंभरावर एवढी का ओरडते

काकूंची एक तक्रार जवळजवळ चाळीस वर्षं जुनी आहे. काकांची जुनी 'पागोडा' मर्सिडीज हायवेला लागून वेगाचा काटा ताशी शंभरावर गेला की त्या मांडीवरची पर्स घट्ट धरतात आणि म्हणतात, "अहो, हिला अजून एक गिअर असणार. तुम्ही टाकत नाही."

"ऑटोमॅटिक आहे गं ती. मी कसला टाकतोय?"

"मग तिला टाकायला सांगा."

काकूंचा निष्कर्ष चुकला असला तरी कान बरोबर आहे. गाडी खरोखरच असा आवाज करते, जणू अजून एक गिअर पडायचा राहिलाय. आजच्या कुठल्याही ऑटोमॅटिकमधून उतरून या गाडीत बसणाऱ्याला पहिल्या पाच किलोमीटरमध्ये हेच वाटतं, मग तो घाबरून पाय काढतो किंवा मालकाकडे संशयानं बघतो. काकांनी शेवटी हा प्रश्न माझ्याकडे सोपवला. मी बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, पंपांच्या धंद्यात आहे, आणि आमच्या घरात तेल, पाणी किंवा हवा ढकलणारी कुठलीही वस्तू बिघडली की ती माझीच असते. या वेळी मात्र ते खरंच माझ्या प्रांतातलं निघालं. जुन्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचा निम्मा भाग म्हणजे पंपच.

आधी गाडीची ओळख. १९७० ची मर्सिडीज २८० एसएल, दोन माणसांची, उघडी. वर चढवायचं लोखंडी छप्पर मध्ये खोलगट आणि कडांना उंच, म्हणून जगभर तिला 'पागोडा' म्हणतात. २३०, २५० आणि २८० असे तीन अवतार मिळून १९६३ ते १९७१ या काळात ४८,९१२ गाड्या बनल्या. काकांची नैरोबीहून परतलेल्या एका कुटुंबानं बरोबर आणली होती, म्हणून स्टिअरिंग उजवीकडे. काकांनी ती १९८६ साली घेतली. जानेवारी २०२३ मध्ये लक्ष्मीविलास राजवाड्यात '२१ गन सॅल्यूट'चं जुन्या गाड्यांचं मोठं प्रदर्शन भरलं, तेव्हा काका नुसते बघायला गेले होते. घरी आल्यावर त्यांनी कुणालाही हात न लावू देता गाडी स्वतः धुतली.

आता आवाजाचा हिशेब. एका रविवारी अंगणात आम्ही मागच्या टायरला खडूनं खूण केली, तशीच खाली फरशीवर केली, आणि गाडी हळू ढकलत चाकाचा एक पूर्ण फेरा करवला. टेप लावली तर १ मीटर ९८ सेंटिमीटर. ताशी १०० म्हणजे मिनिटाला १,६६७ मीटर, तेव्हा चाकाला मिनिटाला ८४२ फेरे घ्यावे लागतात. मागच्या धुरीत चाकांना फिरवणारी दातेरी जोडी असते, क्राऊन-पिनियन; तिचा रेशो ३.९२, म्हणजे चाकाचा एक फेरा व्हायला गिअरबॉक्सकडून येणारा दांडा जवळजवळ चार वेळा फिरतो. गुणाकार केला की ३,३०० येतात. चौथा गिअर, म्हणजे सगळ्यात वरचा, एकास एक. गिअरबॉक्स इंजिनाचे फेरे जसेच्या तसे पुढे पाठवतो. गिअरबॉक्सच्या तेलात होणारी दोन-तीन टक्के घसरण (ती कशी, ते पुढे येईलच) धरली की इंजिन ३,४०० च्या आसपास फिरत असतं. आज आठ गिअरची ऑटोमॅटिक घेतली तर त्याच वेगाला इंजिन दोन हजारांच्या आत असतं. काकूंच्या कानाला खटकतो तो हाच फरक.

वरचा गिअर एकास एकवरच का थांबवला? कारण त्या काळात तसाच रिवाज होता. एकास एकपेक्षाही लांब गिअर, ज्याला ओव्हरड्राइव्ह म्हणतात, तो अमेरिकी कंपन्यांच्या ऑटोमॅटिकमध्ये सर्रास आला तो १९८० च्या आसपास. त्यामागे १९७३ चा तेलाचा भडका होता. त्याआधी पेट्रोल स्वस्त होतं आणि स्पोर्ट्स कार विकत घेणाऱ्याला पाय दाबताक्षणी उसळी हवी असायची. इंजिन वरच्या फेऱ्यांत ठेवलं की ती उसळी हाताशी राहते.

मग हे फेरे इंजिनाला जड जातात का? या इंजिनात पिस्टनचा एका बाजूचा प्रवास, म्हणजे स्ट्रोक, ७८.८ मिलिमीटर आहे. सिलिंडरचा व्यास ८६.५. प्रवास आखूड आणि तोंड रुंद. ३,४०० फेऱ्यांना पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला नऊ मीटरपेक्षा किंचित कमी येतो. लाल रेघ ६,५०० ला आहे, तिथे तो सतरा. म्हणजे शंभरच्या वेगाला पिस्टन आपल्या मर्यादेच्या निम्म्यात काम करतोय. ताकदीचं बघा: इंजिन १७० अश्वशक्तीचं, आणि सपाट रस्त्यावर ही गाडी शंभरानं ढकलायला माझ्या ढोबळ हिशेबानं वीस-पंचवीस पुरतात. आवाज मोठा आणि कष्ट थोडे, अशी ही गोष्ट आहे. मंगळसूत्राच्या वाट्या वाजल्या म्हणून घरात भूकंप झाला असं होत नाही, असं मी काकूंना म्हणालो. त्यांना ते फारसं आवडलं नाही.

आता गिअरबॉक्स. इंजिन आणि गिअर यांच्यामध्ये या गाडीत क्लच प्लेट नाही. तिथे पोकळ कडबोळ्यासारखं एक भांडं आहे, आडवं चिरून दोन अर्धे केल्यासारखं. दोन्ही अर्ध्यांच्या आत संत्र्याच्या फोडींमध्ये असतात तसे पडदे. तोंडाला तोंड लावलेले, पण एकमेकांना न टेकलेले. आत तेल. एक अर्ध इंजिनाला बांधलेलं, दुसरं गिअरबॉक्सला. इंजिनाकडचं फिरायला लागलं की तेल बाहेरच्या कडेला फेकलं जातं, समोरच्या अर्ध्यात घुसतं, त्याच्या पडद्यांना ढकलतं आणि आतून परत येतं. पंप आणि टर्बाइन एकाच डब्यात. याला फ्लुइड कपलिंग म्हणतात. आमच्या धंद्यात वीजकेंद्रांच्या कन्व्हेयरवर ही रोज दिसतात, म्हणून काकांनी गिअरबॉक्सची जुनी आकृती पुढे केली तेव्हा मला गावचा माणूस भेटल्यासारखं झालं. या सगळ्याचं मूळ जहाजांत आहे. वाफेची टर्बाइन भन्नाट फिरते आणि पंख्याला मात्र संथ फिरायचं असतं. तेव्हाच्या जर्मनीतल्या स्टेटिनच्या व्हल्कन गोदीत काम करणाऱ्या हेरमान फोटिंगर यांनी या अडचणीवर तेलातून शक्ती पाठवण्याची युक्ती काढली आणि १९०५ मध्ये तिचं पेटंट घेतलं.

या डब्याचा स्वभाव समजला की निम्मी गाडी समजली. पंपाचे फेरे दुप्पट केले की तेल पेलत असलेला जोर चौपट होतो. म्हणून सिग्नलला, साडेसातशे फेऱ्यांवर, तेल इतकं लेचंपेचं असतं की ब्रेकवर पाय ठेवला तर गाडी उभी राहते आणि इंजिनही बंद पडत नाही. तीन हजारांच्या वर मात्र तेच तेल जवळजवळ घट्ट होतं आणि घसरण दोन-तीन टक्क्यांवर येते. हायवे म्हणजे या डब्याचं माहेर.

टॉर्क कन्व्हर्टर हा शब्द तुम्ही ऐकला असेल. तो याचाच थोरला भाऊ. दोन अर्ध्यांच्या मध्ये त्याला तिसरं एक लहान चाक असतं, ते परत येणाऱ्या तेलाला योग्य दिशेला वळवतं आणि सुटताना इंजिनाचा जोर दुपटीच्या आसपास वाढवून देतं. ही मदत असली की दोन-तीन गिअरांत भागतं. अमेरिकेत तसंच चालायचं. मर्सिडीजनं या गाडीत साधं कपलिंग घेतलं, जे जोर वाढवत नाही, नुसता पोचवतं, आणि भरपाई म्हणून चार गिअर दिले.

गिअर बदलायला इथे दातेरी चाकं सरकत नाहीत, ती कायम एकमेकांत अडकलेलीच असतात. बडोद्यात हे समजावणं सोपं आहे, कारण इथे प्रत्येकानं मोठ्या मैदानावरचा गरबा पाहिलेला असतो. एक आतलं रिंगण, एक बाहेरचं, आणि दोघांच्या मध्ये स्वतःभोवती गिरक्या घेणाऱ्यांची एक रांग, दोन्ही रिंगणांना हात लावून. आता आतलं रिंगण जागच्या जागी थांबवा आणि बाहेरचं फिरवा. मधली मंडळी गिरक्या घेत पुढे सरकतील, पण बाहेरच्यांपेक्षा हळू. हा झाला खालचा गिअर. मधल्यांना म्हणा, गिरकी घ्या पण जागा सोडू नका, आणि आतलं रिंगण फिरवा. बाहेरचं उलट दिशेनं फिरेल. हा रिव्हर्स. आणि सगळ्यांनी एकमेकांचे हात घट्ट धरले तर अख्खं मैदान एकाच वेगानं फिरेल, कुणाचीही गिरकी नाही. हा वरचा, एकास एक गिअर. गिअरबॉक्समध्ये कुणाला थांबवायचं आणि कुणाचा हात कुणाला द्यायचा हे काम पोलादी पट्टे आणि छोट्या क्लच-थाळ्या करतात, आणि त्यांना दाबतं ते तेलच. चौथ्यात दातांना दात घासत नाहीत, म्हणून हायवेवर गिअरबॉक्स स्वतः जवळजवळ मुका असतो. ओरडतं ते इंजिन आणि वाऱ्याचा झोत.

ठरवतं कोण, कधी बदलायचं? आज कॉम्प्युटर ठरवतो. १९७० मध्ये खंडेराव मार्केटमधल्या भाजीवाल्याचा तराजू ठरवायचा. गिअरबॉक्सच्या मागच्या दांड्यावर छोटी वजनं बसवलेली असतात. गाडीचा वेग वाढला की ती बाहेर फेकली जातात आणि त्या प्रमाणात एका नळीतला तेलाचा दाब वाढतो. हे एक पारडं. दुसऱ्या पारड्यात तुमचा पाय. पेडल जितकं दाबाल तितका दुसऱ्या नळीतला दाब जास्त. हा निरोप काही गाड्यांत सळईनं जातो, काहींत इंजिनाच्या व्हॅक्यूमनं. दोन्ही दाब एकाच लहान पिस्टनला दोन टोकांनी ढकलतात. वेगाचं पारडं जड झालं की पिस्टन सरकतो, नवी वाट उघडते, वरचा गिअर पडतो. पायाचं जड झालं की खालचा. म्हणून हळुवार चालवणाऱ्या काकांच्या हाताखाली गाडी लवकर वर जाते आणि माझ्या पायाखाली उशिरा. गाडी तीच असते, वजन टाकणारा बदलतो.

या तराजूला एक खोड आहे. तो फक्त आत्ताचं वजन करतो, पुढे ट्रक आहे हे त्याला कळत नाही. ओव्हरटेक करायची वेळ येते तेव्हा हे महत्त्वाचं. समजा ऐंशीनं चाललोय, इंजिन २,७०० वर. पेडल तळाला टेकवलं की खालचं विजेचं बटण दाबलं जातं आणि गिअरबॉक्स तिसऱ्यात उतरतो. त्याला किकडाऊन म्हणतात. तिसऱ्याचा रेशो दीडच्या थोडा वर, त्यामुळे इंजिन एकदम ४,२००-४,३०० वर जातं. आणि या इंजिनाचा सगळ्यात जास्त जोर लागतो ४,५०० ला. तेव्हा आवाज भयंकर होतो, काकू डोळे मिटतात, पण गाडी नेमकी तिला हवी तिथे आलेली असते. फक्त पाय दाबणं आणि गिअर पडणं यांत एक श्वास जातो, कारण पट्ट्यामागची जागा तेलानं भरायला तेवढा वेळ लागतो. आजच्या गाडीच्या सवयीनं ट्रकच्या शेपटीपर्यंत जाऊन मग दाबलं, तर तो श्वास फार लांब वाटतो. काका आधी लिव्हर हातानं '४' वरून '३' वर घेतात, गाडीला सावरू देतात आणि मग बाहेर पडतात. लिव्हर आहे म्हणजे वापरायचाच, ऑटोमॅटिक म्हणजे हात बांधून बसणं नव्हे, हे त्यांचं म्हणणं मला पूर्ण पटतं.

इथे एक फाटा. ऑटोमॅटिक स्पोर्ट्स कार म्हटलं की शौकीन मंडळी नाक मुरडतात, "मग स्पोर्ट्स कसली?" त्यांना सांगावं की १९५३ मध्ये पहिली कॉर्व्हेट निघाली तेव्हा त्या वर्षीच्या तिनशेच्या तिनशे गाड्या दोन गिअरच्या ऑटोमॅटिक होत्या. जॅग्वारनं १९७१ मध्ये ई-टाइपमध्ये बारा सिलिंडरचं इंजिन बसवलं, तिलाही तीन गिअरचं ऑटोमॅटिक मिळायचं. पोर्शच्या ९११ मध्ये 'स्पोर्टोमॅटिक' नावाचं मधलंच प्रकरण होतं: क्लचचं पेडल नाही, पण गिअर हातानं, आणि लिव्हरला हात लागताच क्लच आपोआप सुटायचा. सवयीनं लिव्हरवर हात ठेवून बसणाऱ्याची काय गत होत असेल, कल्पना करा.

आता मूळ मुद्द्याकडे. लोक जुन्या ऑटोमॅटिकला हायवेवर न्यायला घाबरतात आणि गावात बिनधास्त फिरवतात. माझ्या मते हे बरोबर उलटं आहे. हिशेब करा. हायवेवर पंचवीस-एक अश्वशक्ती तेलातून जाते आणि तीन टक्के वाया जाते. ती उष्णता अर्ध्या किलोवॅटच्या शेगडीएवढी, आणि समोरून शंभरच्या वेगानं वारा येतोय. रावपुऱ्याच्या गर्दीत प्रत्येक वेळी गाडी सुटताना घसरण शंभर टक्क्यांपासून सुरू होते, इंजिन जो जोर लावतं त्यातला मोठा भाग तेल घुसळण्यात जातो, आणि वारा नाही. ब्रेक दाबून '४' मध्ये उभं राहणं म्हणजे ताकाच्या डेऱ्यात रवी फिरवत बसणं, फक्त लोणी निघत नाही. या तेलाबद्दल जुना ढोबळ नियम असा की तापमान दहा अंशांनी वाढलं की आयुष्य निम्मं होतं.

हे मला वाचून नाही, भोगून कळलं. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात काका आणि मी गाडी घेऊन अहमदाबादला गेलो. पहाटे निघालो, दुमाड चोकडीहून एक्सप्रेसवेला लागलो, ९३ किलोमीटरचा सरळ पट्टा. महीचा पूल ओलांडताना खाली नदीवर धुकट ऊन होतं, काटा शंभरावर, तापमानाचा काटा ऐंशीवर खिळलेला. गाडीनं हूं की चूं केलं नाही. परतताना दुपार झाली. अहमदाबादच्या सीटीएम चाररस्त्याला पोचायलाच तासभर लागला, दर दहा पावलांवर थांबत. एक्सप्रेसवेच्या तोंडाशी मोकळा रस्ता मिळाला, काकांनी पाय दाबला, इंजिन ओरडलं आणि गाडी मात्र जागेवरच रेंगाळली. मग खालून धूर.

कडेला घेतली. वाकून बघितलं तर गिअरबॉक्सच्या वरच्या श्वासनळीतून लाल तेल ओघळून सायलेन्सरवर टपकत होतं आणि प्रत्येक थेंबाला चर्र होत होतं. मी तेल मोजायची कांडी काढली. तेल खुणेच्या चांगलं बोटभर वर, आणि त्यात साबणाच्या पाण्यासारखे बुडबुडे. तेव्हा प्रकाश पडला. आठवड्यापूर्वी एका गॅरेजात सर्व्हिसिंग झालं होतं आणि तिथल्या पोरानं थंड गाडीत तेल वरच्या खुणेपर्यंत भरलं होतं. इंजिन ऑइल थंड असताना, इंजिन बंद ठेवून बघतात. गिअरबॉक्सचं तेल गाडी चांगली फिरवून आणल्यावर, सपाट जागी, लिव्हर पार्कमध्ये, इंजिन चालू ठेवून बघायचं असतं, कारण कांडीवरच्या खुणा गरम तेलासाठी आहेत. गरम झालं की तेल फुगतं. जास्त झालेल्या तेलात आतली फिरती चाकं बुडतात, ते घुसळून फेस होतो, आणि फेस दाबला जातो. द्रव दाबला जात नाही म्हणून तर पट्टे घट्ट बसतात. फेसावर पट्टा बसवणं म्हणजे कापसावर खिळा ठोकणं.

उपाय हास्यास्पद होता. तासभर लिंबाखाली बसलो, छास प्यायलो, मी जवळच्या मेडिकलमधून सलाइनची नळी आणि ५० मिलीची सिरिंज आणली. कांडीच्या भोकातून नळी सोडून तेल ओढलं. बारा सिरिंजा, सहाशे मिली, एका रिकाम्या पाण्याच्या बाटलीत. मेडिकलवाला दोनदा येऊन बघून गेला, पेशंट कोण ते. मग इंजिन चालू करून पुन्हा कांडी बघितली, खुणेवर आली. हळूहळू निघालो आणि गंमत म्हणजे एक्सप्रेसवेवर पंधरा मिनिटं चालल्यावर गाडी सकाळसारखी झाली. ज्या हायवेला लोक घाबरतात त्यानंच तिला थंड केलं.

घरी आल्यावर एक थेंब पांढऱ्या टिश्यू पेपरवर टाकून ठेवला. चांगलं तेल गुलाबी पसरतं. आमचा डाग मध्ये तपकिरी राहिला, कडेला फिकट, आणि त्याला करपलेल्या दुधासारखा वास. पुढच्या आठवड्यात तेल आणि फिल्टर दोन्ही बदलले. तेव्हापासून काका लांब सिग्नलला लिव्हर '०' वर घेतात. या गाडीत न्यूट्रलला शून्य म्हणतात, आणि ते मला फार आवडतं.

काही जण सुचवतात, मागचा क्राऊन-पिनियन बदला, ३.२७ चा बसवा, शंभरला इंजिन २,८०० च्या आसपास येईल. गणित बरोबर आहे. पण ही गाडी नेहमीच्या चालण्यात दुसऱ्या गिअरवर सुटते, तिथली उसळी मरेल. स्पीडोमीटर चुकेल. आणि तराजूतली वजनं गिअरबॉक्सच्या दांड्यावर आहेत, चाकावर नाहीत, तेव्हा प्रत्येक गिअर आधीपेक्षा जास्त वेगाला बदलेल. एक आवाज कमी करायला तीन गोष्टी बिघडवायच्या. मी नको म्हणालो.

खरी काळजी भलत्याच ठिकाणी घ्यायची असते. टायर बघा. जुनी गाडी वर्षाला हजार किलोमीटरसुद्धा चालत नाही, त्यामुळे नक्षी नवी दिसते आणि रबर मात्र म्हातारं. टायरच्या कडेला लंबगोलात चार आकडे असतात: २३१४ म्हणजे २०१४ सालचा तेविसावा आठवडा. काकांच्या टायरांवर हे आकडे पहिल्यांदा वाचले तेव्हा आम्ही दोघंही गप्प झालो. दुसरं पेट्रोल. आता पंपावर वीस टक्के इथेनॉलवालं मिळतं. १९७० च्या रबरी नळ्या आणि पडदे त्यासाठी बनलेले नव्हते, ते फुगतात, मऊ होतात. इंधनाच्या सगळ्या नळ्या नव्या प्रकारच्या घालून घेतल्या. इंजिनाच्या ओरडण्यापेक्षा या मुक्या गोष्टींनी मला जास्त झोपेतून उठवलं आहे.

हे सगळं मी एकदा काकूंना अंगणात खुर्ची टाकून, खडू, टेप आणि गरब्यासकट समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे पाचवा गिअर नाहीच?"

"नाही काकू."

"आणि ऐंशीनं गेलो तर?"

मी तोंडी हिशेब केला. इंजिन २,७०० वर, वाऱ्याला कापायला लागणारी ताकद शंभराच्या जवळजवळ निम्मी. तसं सांगितलं.

"मग चाळीस वर्षं मी दुसरं काय म्हणत होते," त्या उठत म्हणाल्या.

पुढच्या रविवारी दोघं आणंदपर्यंत जाऊन आले. परत आल्यावर मी काकांना हळूच विचारलं, कितीनं गेलात. म्हणाले, "पंच्याऐंशी." वरचे पाच त्यांनी स्वतःसाठी राखून ठेवले होते.